रकाना दहावा

फेब्रुवारीत शाळेने आम्हाला माणसं मोजायला सोडलं.
माझ्या वाट्याला दौलतगंजचा मागचा भाग,
एकशे बेचाळीस घरं,
आणि हाताने काढलेला नकाशा.
त्यात नाला आहे, पिंपळ आहे, पानाची टपरी आहे.
गजकवाल्याचं दुकान मी उगाच काढलंय.
नकाशाला लागत नाही, मला लागतं.

दारावर खडूने आकडा घालायचा.
काही चौकटींवर मागच्या खेपेचा आकडा
रंगाखालून अजून डोकावतो.
आत दुसरेच राहतात.

"आज नळ आहे बाई, उद्या या," कुशवाहांची सून म्हणते.
एक दिवसाआड पाणी. त्या तासाभरात
या गल्लीत कोणी कुटुंबप्रमुख नसतो,
कोणी कोणाची सून नसते,
सगळे नुसते बादल्या सरकवणारे.
मीही वही पायरीवर ठेवून दोन हंडे लावले.

लछमनदास आसूदानी, वय ब्याऐंशी, जन्म सक्खरचा.
"पाकिस्तान लिहा आता," म्हणाले,
"मी जन्मलो तेव्हा नव्हतं."
मग आतून पापड आणायला सांगितला, भाजलेला,
आणि मी तो खाईपर्यंत दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

तोमर चाची भाजीवाल्याशी घालावी तशी हुज्जत घालत होत्या:
मुलगा फौजेत आहे तर काय झालं, त्याची खाट इथे आहे.
फौजवाल्यांना वेगळं मोजतात, मी सांगितलं.
"कोण मोजतं?"
सरकारच मोजतं, चाची.
"रोज?"

दहावा रकाना मातृभाषेचा.
पुस्तिकेत नियम आहे:
बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलत असे, ती.
आई लवकर गेली असेल तर
घरात जी मुख्यतः बोलली जात असे, ती.
प्रशिक्षणात हा नियम वाचताना
नायब तहसीलदार इकडून तिकडे चष्मा पुसत होते.

काकिर्ड्यांकडे मधुकरराव मोठ्या आवाजात म्हणाले,
"मराठी लिखिए, सबकी मराठी."
नात पायऱ्यांवर मोबाइलमध्ये मान घालून: "मेरी हिंदी."
"अरे, तेरी कैसे हिंदी?"
यावर दोघांचं जे भांडण झालं
ते अथपासून इतिपर्यंत हिंदीत.

सून स्वयंपाकघरातून आली, रामश्री, माहेर दतिया.
हात पदराला पुसत, स्वच्छ, सासूकडून उचललेल्या मराठीत म्हणाली,
"माझी बुंदेली लिहा हं ताई.
आणि खरंच बुंदेली लिहा,
मागे एकाने परस्पर हिंदी करून टाकली होती."
मी अक्षर अक्षर लावून लिहिलं, तिला दाखवलं.
तिने ओळीवर बोट ठेवलं, पिठाचा ठसा राहिला.
फॉर्म यंत्र वाचतं, डाग चालत नाही.
राहू दिला.

माझं घर माझ्या हद्दीत नाही.
ते भदौरिया सरांकडे.
ते आले तेव्हा मी दौलतगंजात, हे ऑफिसात,
दार उघडलं बारा वर्षांच्या ईशानने.

"काय सांगितलंस रे, भाषेचं?"
"आपली हिंदी सांगितली. जल्दी होतं."
"आणि माझी?"
"म्हटलं, आई रागावली की मराठी, बाकी टाइम हिंदी.
सर म्हणाले, एकच बता."
"मग?"
"मग कुकरची शिटी झाली, मी गॅस बंद करायला गेलो."
"त्यांनी लिहिलं काय?"
"मला काय माहीत. तू पूछ ना त्यांना."

विचारता येईल. उद्या शाळेत भेटतीलच,
त्यांचा गठ्ठा, माझा गठ्ठा, शेजारीशेजारी, सुतळीने बांधलेले.
पण मोजलेलं कोणाला दाखवायचं नसतं,
तसं लिहून दिलंय आम्ही सगळ्यांनी.

संध्याकाळी दूध घ्यायला बाहेर पडले.
चौकटीवर सरांचा खडू, ठसठशीत: ८९.
नवासी, मी मनात वाचलं,
आणि पिशवी घेऊन जिन्याच्या तळाशी पोचल्यावर
एकोणनव्वद.