घटना कालक्रमानुसार लावा

दिवसा ही पहिलीची खोली.
भिंतीवर अननस, आई, इमारत, ईडलिंबू.
संध्याकाळी साडेसहानंतर घोडपदेवची रात्रशाळा.
बाकाखाली गुडघे मावत नाहीत,
म्हणून सगळे तिरके बसतात,
मध्येच उठून जायचं असल्यासारखे.

इतिहास चाळीस मार्कांचा, राज्यशास्त्र धरून.
मी फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर सनावळ्या लिहितो.
खालचं कमळ सकाळच्या बाईंचं,
ते पुसत नाही.

मुनाफ केळशीकर दिवसभर पार्सलं पोचवतो.
मोबाइल बाकावर पालथा ठेवून विचारतो,
सर, आणीबाणी किती मार्कांना?
टीप आली तर दोन, मी म्हणतो.
तो वहीत लिहितो: आणीबाणी – २.
खाली: मंडल – २.
किराणा मालाची यादी करावी तसा
देश उतरवून घेतो.

परवा सराव पेपर घेतला.
नवे आर्थिक धोरण, राज्याची स्थापना,
मंडल, आणीबाणी.
कालक्रमानुसार लावा.
शेवंता कांबळी, दवाखान्यात आया, वय सेहेचाळीस,
डबल ड्यूटी करून आलेली,
पेपर शेवटी देते नेहमी.
चारही घटना बरोबर लावल्या होत्या, निळ्या पेनानं,
आणि त्यांच्याखाली पाचवी, पेन्सिलीनं, बारीक:
जानेवारी त्र्याण्णव. माझी शाळा बंद झाली.

हे प्रश्नात नव्हतं, ताई.
"नव्हतं ना. म्हणून पेन्सिलीनं लिहिलं."

मग उभ्या उभ्याच सांगितलं तिनं,
पिशवी खांद्याला लावता लावता.
दहावीची प्रिलिम होती. भूगोलाचा पेपर राहिला.
बाबांनी पहाटे कुणाच्या तरी टेम्पोत बसवलं,
कणकवलीला आजोळी.
कपाटाची किल्ली शेजारच्या बिल्किसमावशीकडे.
चार महिन्यांनी परत आलो
तर मावशींच्या खोलीला दुसऱ्याच नावाची पाटी.
कुठे गेल्या, कुणी सांगेना.
किल्ली असेल अजून त्यांच्याजवळ.
त्या अशा नव्हत्या, की टाकून देतील.

वर्गात पंख्याचा आवाज.
मुनाफ म्हणाला, मग कपाट?
"फोडलं."
आत काय होतं?
"काय असणार. कंपासपेटी.
कर्कटकाला गंज चढलेला."
ती हसली. आम्ही कुणी हसलो नाही.
शाळा कधीच उघडली होती, म्हणाली,
माझ्यापुरती तेवढी राहिली.

मी त्या वर्षी डोंबिवलीत.
बातम्या लागल्या की वडील आवाज कमी करायचे,
मुलाचा अभ्यास म्हणून.
मार्चमध्ये सगळे पेपर वेळेवर झाले.
एकाहत्तर टक्के. पेढे वाटले.
म्हणजे आम्ही एकाच बॅचचे, शेवंताताई आणि मी.
हे तिला सांगावंसं वाटलं,
मग नाही सांगितलं.

पाठ्यपुस्तक उघडून बघितलं पुन्हा, घरी,
माहीत असूनही.
मग दोनपैकी दोन दिले.
पेन्सिलीच्या ओळीवर लाल पेन नेलं,
टेकवलं नाही.

आज पेपर परत करताना म्हणालो,
बोर्डात मात्र असं लिहू नका.
"माहितीये सर. बोर्डात चारच लिहीन."
मला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याचं वाईट.

मुनाफ वहीत काहीतरी लिहीत होता.
मागून जाताना वाचलं:
जानेवारी त्र्याण्णव –
रेघ ओढलेली. पुढे आकडा नाही.
त्यानं विचारलंही नाही, किती मार्कांना.

साडेनऊला शिपाई दिवे घालवत आला.
उद्या सकाळी बाईंची पाच मिनिटं
पुन्हा बाकं सरळ करण्यात जातील.