मिठागराच्या शाळेत बर्फ

सातवीच्या वर्गात मुलं चौदा, पुस्तकं नऊ.
जहाजातून आलेली, कडा दमटून फुगलेल्या,
आणि पहिल्याच गोष्टीच्या पहिल्याच ओळीत
बर्फ पडत होता.

आमच्या ह्या बेटावर पाऊससुद्धा
न जेवता जाणारा पाहुणा.
इव्हानिल्दाने हात वर केला :
"बाई, बर्फ म्हणजे तोच ना, ज्योआकिनच्या पेटीतला?"
त्या पेटीत तो ट्यूना ठेवतो.
म्हणजे बर्फाला माशाचा वास येतो,
एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी पुस्तक मिटलं.
चौदाही जणांना घेऊन चालत गेले
बोगद्यातून, विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात,
जिथे जुन्या रोपवेचे खांब वाकून उभे आहेत
आणि खाली मिठागरं, पांढरी, डोळे दिपवणारी.
"बघा. हे असं. पण थंडगार. आणि वरून पडणारं."
व्हाल्देमिरोने बोट जिभेला लावलं.
"आणि खारट नाही?"
"नाही."
"मग कशाला हवाय?"
मुलं क्रिओलमध्ये हसतात,
पोर्तुगीजमध्ये उत्तर देतात.
त्या दिवशी खूप वेळ कुणीच उत्तर दिलं नाही.
मीही सांगितलं नाही,
की आत्ता आपली उपमा शिकून झाली.

स्थळ शिकवताना विचारलं :
ही गोष्ट आपल्याकडे घडली असती तर?
"म्हातारा गोठून मेला नसता,"
इव्हानिल्दा विचार करून म्हणाली,
"तहानेने मेला असता."
फळ्यावर मी तेवढंच लिहिलं.

संघर्षाला तर दोन मिनिटंही लागली नाहीत.
तो नसला की गोष्ट अळणी,
हे मिठागरातल्या पोरांना
काय समजावून सांगायचं?

मग आला निवेदक.
म्हटलं, लिहिणारा वेगळा, सांगणारा वेगळा.
सांगणारा कधी कधी लपवतो.
तो काय बोलत नाही, तिकडेही कान द्या.

शेवटच्या बाकावरचा ओदाइर
त्या तासाला खिडकीबाहेर बघत होता, असं मला वाटलं.
दुसऱ्या दिवशी तो पाच पत्रं घेऊन आला,
रबराने बांधलेली, रॉटरडॅमची.
त्याचा बाप तिथल्या गोदीत आहे,
तीन वर्षं झाली.
"बाई, ह्यातला निवेदक बघता?"
"नको रे," म्हटलं, "ही गोष्ट नाही."
पण तो वाचत सुटला होता :
इथे सगळं ठीक. काम चांगलं. बर्फ पडतो, मजा वाटते.

"पाचही पत्रांत हेच आहे," तो म्हणाला.
"पण चार पत्रांत 'आम्ही' जेवतो, 'आम्ही' हिंडतो.
पाचव्यात नुसतं 'मी'.
बाई, बाकीचे कुठे गेले?"

बावीस वर्षं मी सर्वनामं शिकवते.
प्रथमपुरुषी एकवचन
एवढं थंड असतं
हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आठवडाअखेर निबंध होता : पत्र लिहा, कुणालाही.
ओदाइरने बापाला लिहिलं,
अक्षर नेहमीपेक्षा नीट :
इथे सगळं ठीक. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली.
आई आता अजिबात खोकत नाही.
आम्ही शाळेत बर्फ पाहिला, खारट होता.

शेळी मार्चमध्येच मेली होती.
खोकला मी रोज रात्री
भिंतीपलीकडून ऐकते.

लाल पेनाचं टोपण काढलं.
बराच वेळ काढूनच ठेवलं.
मग एके ठिकाणी राहिलेला स्वल्पविराम दिला,
'आम्ही'च्या खाली चुकून रेघ ओढली गेली, ती खोडली,
आणि पत्र पोस्टात टाकायला
तिकीट कितीचं लागतं
ते मार्जिनमध्ये लिहिलं.