काळं भिंग

उद्यमबाग, रात्रपाळी.
शेजारच्या फौंड्रीचा हातोडा थांबला
की आमच्या पंपाची घरघर ऐकू येते.
मोलिब्डेनमच्या करंगळीएवढ्या होडीत
इटर्बियम फ्लोराइडचे खडे,
खडीसाखरेसारखे. चाखायचे नाहीत.

इटर्बियम. जीभ अडखळते.
स्वीडनमधल्या खाणीच्या एका खेड्यावरून हे नाव,
आणि एकावर भागलं नाही:
इट्रियम, टर्बियम, अर्बियम, मग हे चौथं.
हलगेकर मास्तर हसतात,
"आमच्या गावाचं बघ की गे.
बेळगाव, बेळगावी, बेलगाम.
आमच्याबी नावाचं कायतरी निघंल एक दिवस खाणीतनं."

भिंग जर्मेनियमचं, तव्यासारखं काळं.
समोर धरलं की दिवा विझतो.
उजेडाला बंद; उष्णतेला उघडं,
पण तीही निम्मीच आत घेतं,
उरलेली उंबऱ्यावरून परत.
म्हणून हा लेप.
खडे तापतात, त्यांची वाफ वर चढते,
फिरत्या ताटलीतल्या भिंगांवर बसते,
आई वडगावात मागावर ज्या रेशमाशी भांडायची
त्याच्या एका तंतूच्या दहाव्या हिश्श्याएवढी.

जुलैत हा थर ओल ओढतो.
सकाळी बघावं तर केसासारख्या भेगा.
"आधी थोरियम वापरायचे," मास्तर म्हणतात,
"टिकायचं बेस. पण किरणं टाकायचं."
आणि स्वतःच्या बोटांकडे बघतात,
मोजल्यासारखे.

पहाटे तीनला चाचणी.
नवं भिंग कॅमेऱ्याला लावून
मी खिडकीबाहेर रोखते.
पडद्यावर सगळं राखाडी.
यल्लूबाईची चहाची किटली पांढरीफेक,
बाकाखालचं कुत्रं पांढरं, नाक तेवढं काळं,
ट्रकचं बॉनेट अजून धुमसतंय.
आणि फाटकावरची ती पाटी,
जिच्यावर वरची ओळ कुठली, खालची कुठली,
अक्षरं केवढी, यावरून दोनदा डांबर फासलं गेलं,
ती कोरी.
रंग, पत्रा, डांबर: सगळं एकाच तापमानाचं.
मी फोकस फिरवून पाहिला.
एक अक्षर नाही.

तेवढ्यात फौंड्रीतला एक पोरगा आला,
पाटीला हात टेकवून
चपलेतला खडा काढला, गेला.
पाटीवर त्याचा पंजा राहिला,
पाची बोटं लख्ख.

मी घड्याळ लावलं.
अकरा सेकंद.
मग तोही पाटीएवढाच थंड.

वहीत लिहिलं: भिंग क्रमांक चाळीस, पास.