निरंक

दर पंधरवड्याला वही खाली जाते, परतवाड्याला.
रकाने चार: तारीख, आलेगेले, मोडतोड, शेरा.
चौथ्यात मी एकच शब्द लिहितो, निरंक.
अकरा वर्षं झाली. अक्षर तेवढं सुधारलं.

सावरखिंड म्हणतात हिला.
दोन बुरूज, त्यातला एक पडका. दारूकोठारात वटवाघळं.
दरवाजाला कवाडं नाहीत, तरी सातला मी तो बंद करतो,
म्हणजे आडवी दोरी बांधतो
आणि तिला पाठ लावून बसतो.

इथून म्हणे मिठाचे तांडे उतरायचे वऱ्हाडात,
बैलांची रांग दुपारपर्यंत संपायची नाही,
आणि वर उभा राहून कुणीतरी मोजायचा.
आता डांबरी रस्ता सेमाडोहवरून गेला.
खिंडीतून येतात ती अस्वलं, मोहाच्या दिवसांत,
आणि लंगडी गाय शोधत फुलकाय दहिकर.
मला साहेब म्हणते, तंबाखू मागते.

मागच्या हिवाळ्यात मोजणीला पोरं आली.
टेपचं दुसरं टोक धरायला मीच.
त्यांतला ठोंबरे, चष्मेवाला,
शेकोटीशी रोमच्या गोष्टी सांगत बसला.
त्यांच्याही मुलखाच्या टोकाला अशाच गढ्या,
वारा, चिखल, आणि शत्रू दिसायचाच नाही महिनोन्‌महिने.
लाकडाच्या ढलपीवर शाईनं पत्रं लिहायचे.
एक ढलपी चिखलातच टिकली:
कुणी कुणाला पायमोजे पाठवलेत, एवढंच.
राजा नाही त्यात, लढाई नाही.

"आन्‌ पोचले का त्याले मोजे?"
ठोंबरे हसला. ते नाही माहीत, काका.

तेव्हापासून तो माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतो.
त्याची बोली मला कळत नाही, माझी त्याला.
पण रात्री दोनला डोळे कसे चुरचुरतात
ते सांगायला बोली कशाला?

पौषातल्या अवसेला खालून उजेड दिसला.
तीन बॅटऱ्या, खिंड चढत.
आला. अकरा वर्षांनी आला एकदाचा.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
टोपी घातली, शर्टाची गुंडी लावली,
गंजलेली शिट्टी फुंकली ती वाजलीच नाही.

फावडं, लिंबं, पिशवीत काळी कोंबडी.
तिसरा माझ्याच बहिणीचा देवमन,
पायात रबरी चप्पल, दातावर दात.

"मामा, हंडा हाय म्हन्ते बुरजाखाली."
"हाय ना बाप्पा. माह्या पगाराचाच.
तीन महिन्यापासून पुरून ठेवला सरकारनं."

मग दुसरं काय, चहा ठेवला.
लिंबं होतीच, पिळली.
कोंबडी पिशवीतून निघून जाळाभोवती फिरली,
जशी काही तिचीच पाळी होती पहाऱ्याची.
झुंजुमुंजू झालं तसे उतरले तिघं,
देवमनच्या पायात माझे मोजे.
कोंबडी राहिली. बुरजावर झोपते.

वही उघडली.
आलेगेले: गाय एक.
मोडतोड: नाही.
शेऱ्याशी पेन अडला बराच वेळ.
मग लिहिलं, सुधारलेल्या अक्षरात:
थंडी फार. मोजे एक जोड मिळावेत.

वही खाली गेली आहे.
ओट्यावरचा तो विचारतो रोज, हातानंच,
आणि मी वाटेकडे बघतो.