चारशे शब्द

प्रबंधात होती सापसुरळी,
आरे, पाचोळ्याची जाडी, जमिनीचं तापमान.
वाचणारे तिघं. त्यातले एक माझेच गाईड.

मग रविवारच्या पुरवणीत चारशे शब्द मिळाले,
राशिभविष्याच्या वर.
उपसंपादक लॅटिन नाव कापायचा,
शीर्षकात 'थरार' घालायचा.
मी फोनवर भांडायचे: थरार कसला,
धामण उंदीर गिळून ऊन खात पडलीय नुसती.

एकोणीस वर्षं.
हरणटोळ, घोणस, ट्यूबलाइटमागची पाल,
आणि फिरून फिरून तेच:
दूध पीत नाही. डूख धरत नाही.
पत्रं यायची, बहुतेक नागमण्याबद्दल.

परवा संध्याकाळी अनोळखी नंबर.
भांडुपहून, वॉचमन, लडक्या वरठा.
मागं माणसांचा गलका.
"मॅडम, केबिनच्या टेबलावर अंथरलंय तुमचं पान,
नंबर सोसायटीतल्या पोरानं शोधला.
मीटरच्या खोलीत आहे. पिवळट, लांब.
काठी खाली ठेवलीय मी.
आता पुढं काय करू?"

हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.
"दार उघडं ठेव," म्हटलं, "लोकांना मागं घे.
तूही लांब उभा राहा."

मग फोन कानाशी धरून
आम्ही दोघंही
बराच वेळ काही बोललो नाही.