मानेचं माप

शुक्रवारी आमच्या वागळे इस्टेटला लाइट नसते.
ताम्हाणेबाई मुद्दाम शुक्रवारी आल्या.
मशीन बंद असलं की बोलता येतं, म्हणाल्या,
आणि फडक्यातला बिस्किटांचा डबा
माझ्या सरफेस प्लेटवर ठेवला. तिथे मी चहाही ठेवू देत नाही.

डब्यात दोनशे पुंगळ्या. पितळेच्या, रिकाम्या.
"ह्यांच्या रायफलच्या."

साहेबांना मी एकोणीस वर्षं ओळखत होतो.
पुंगळीची मान दाबायला रिंगा लागत, त्या मी घासून द्यायचो.
अर्ध्या थाऊसाठी हुज्जत घालायचे.
माझा बाप कुडाळात सुतारकाम करायचा,
त्याच्याकडे सुताच्या खाली माप नव्हतं;
त्याने हे ऐकलं असतं तर पटाशी खाली ठेवून हसला असता.

साहेब सांगायचे, विश्राम, बार झाला की पितळ फुगतं,
चेंबरला अंग टेकतं, आणि तसंच निवतं.
मग ती पुंगळी त्या एका रायफलची.
तिच्या अंगाला हात लावायचा नाही.
मान तेवढी आवळायची,
गोळी धरून राहील इतकी.
आणि दाबून सोडलं की पितळ केसभर मागे येतं,
ती त्याची मर्जी; आधीच धरून चाल.

ते गेल्यावर रायफल डीलरकडे जमा झाली,
मग नागपूरच्या कुणा मुलाने घेतली.
डबा फडताळात राहिला.

बाईंची रायफल त्याच बोअरची, त्याच कंपनीची.
तरी पुंगळी आत जाते आणि बोल्टचा दांडा
बोटभर वर अडतो.
"मी जोर नाही लावला," म्हणाल्या.
"माझ्या चेंबरचं माप घ्या. अख्ख्या अंगाची डाय करा.
दाबून टाकू सगळ्या."

तीन आठवडे गेले. एक डाय कडक करताना
रबाळ्याच्या भट्टीत तडकली, ती फुकट गेली.
दुसरी जमली.
चाळीस वर्षं खाली बघून माझ्या मानेला पट्टा लागलाय,
त्यामुळे पॉलिश मुलाकडून करून घेतलं.

पुन्हा शुक्रवार. हातप्रेसला लाइट लागत नाही.
बाई स्वतः दांड्यावर उभ्या राहिल्या, पदर खोचून.
मेण लावायचं, खाली, वर.
पितळ दर खेपेला बारीक कुईं करायचं.
गेजमध्ये पहिली टप्पकन बसली. दुसरीही.
मी मोजत होतो. चाळीस झाल्या
आणि एक्केचाळिसावी हातात घेऊन त्या थांबल्या.
बुडाशी मार्करचे सात ठिपके होते,
सात बारांचे. साहेबांची सवय.

मला वाटलं आता डबा बंद होणार,
मी पाण्याची बाटली पुढे केली.
त्यांनी ती बाजूला सारली
आणि पर्समधून जुनी रिंग काढली. माझीच,
कडेला माझा पंचचा वि.
म्हणाल्या, "डाय काढा. ही चढवा."

उरलेल्या एकशे साठींच्या नुसत्या माना दाबल्या.
दुपारचे दोन वाजून गेले. शेजारच्या गाळ्यातल्या परेराने
डबा खायला हाक मारली, मी गेलो नाही.

शेवटी विचारलंच. कुणासाठी?

"नागपूरच्या त्या मुलासाठी.
परवान्याची झेरॉक्स मागवलीये, रीतसर पाठवीन.
त्या चेंबरचा स्वभाव त्याला कुठला कळायला,
वर्षभर उगाच दारू जाळत बसेल.
मला मॅचला चाळीस पुरतात."

मग फडक्याला गाठ मारली. एक सुटली, पुन्हा मारली.

बिलात मी डायचे पैसे लावले,
तडकलेल्या डायचे नाही.
त्यांनी ते ओळखलं, दोनशे जास्त ठेवले.
पावती फाडताना मी मान वर केली नाही.
पट्टा होता.