ताब्याआधी

मुलाणी आले ते चपला दाराबाहेर काढूनच.
घर अजून आमचं नव्हतं, तरी बरं वाटलं.
पाठीवर सॅक, हातात घडीची काठी,
टोकाला सुपारीएवढा लोखंडी गोळा.

"थोडा वेळ बोलू नका," म्हणाले,
आणि हॉलच्या कोपऱ्यापासून
फरशी वाजवत निघाले
टक्. टक्. टक्. ठप्प.
जिथे ठप्प, तिथे निळ्या चिकटपट्टीची फुली.
डॉक्टर पाठ वाजवून बघतो तेव्हा
आपण त्याच्याच तोंडाकडे बघत राहतो,
तशी हेमांगी उभी.

निम्मा पगार, वीस वर्षं,
आणि सतरा फरश्यांखाली नुसती हवा.
पुनावळ्याची मोकळी हवा.
माहितीपत्रकात लिहिलंच होतं तसं.

साइट इंजिनिअर झावरे चौकटीला टेकून:
"एवढं चालतं हो. कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा."
मुलाणींनी मान डोलावली.
लिहिले मात्र सतराच.

मग बाथरूमच्या भिंतीला यंत्र लावलं,
आकडा तापासारखा चढत गेला.
मग प्रत्येक प्लगात तीन दिव्यांचं एक खेळणं;
ओट्यावरच्या प्लगाला अर्थिंगच नव्हतं,
म्हणजे मिक्सर तिथेच लागणार होता तो.
मग बाल्कनीत अर्धी बादली ओतली
आणि म्हणाले, आता पाण्याला विचारू.
जाळी डाव्या हाताला.
पाणी जरा थांबलं,
आणि उजवीकडे, हॉलच्या दिशेने निघालं.

ड्राय बाल्कनीत दाराच्या मागे
रंगाचा एकच हात बसलेला.
मुलाणींनी टॉर्च मारली आणि तिथेच उकिडवे बसले.
सुताराच्या पेन्सिलीने ओढलेल्या तीन आडव्या रेषा,
एकीवर एक, वीतभर, मग चार बोटं,
शेजारी कसलीशी गोल गोल अक्षरं.
"उडिया असावीत," हेमांगी म्हणाली.
झावरे म्हणाले, "काम चालू असताना
राहतात कधी कधी. वॉचमन, मिस्त्री, त्यांची पोरं.
पुट्टी मारून टाकू. मिनिटाचं काम."

अकरा-अकरा महिन्यांची आठ घरं झाली आमची.
कोथरूडचं सोडताना, डिपॉझिट कापू नये म्हणून,
ऋजुताच्या उंचीच्या खुणा
मीच पुसल्या होत्या खोडरबराने,
रात्री, ती झोपल्यावर.
सातवीतली काही केल्या जाईना.
तिच्यावर बँकेचं कॅलेंडर लावलं
आणि किल्ली परत केली.

"बेचाळीस झाले," मुलाणी म्हणाले.
"हा त्रेचाळिसावा. कॉस्मेटिकमध्ये येतो. लिहू?"
पेन कागदाला टेकलेलं.
झावऱ्यांना तेवढ्यात फोन आला.
मी भिंतीला लागून उभा राहिलो;
सगळ्यात वरची रेषा
माझ्या खिशापर्यंत आली, जिथे आता किल्ली असणार.

हेमांगीच्या बोटाला निळी पट्टी चिकटली होती,
ती नखाने सोडवत म्हणाली,
"तिथे वॉशिंग मशीन येईल ना?"

मुलाणींनी माझ्याकडे पाहिलं.
मी हॉलकडे पाहिलं.
पाणी उंबऱ्यापाशी पोचलं होतं.